बुद्धी आपली, हात कोणाचा?

२०२० सालच्या फेब्रुवारी महिन्यातील ही घटना आहे. कोरोनाची साथ चीनच्या सीमा नुकतीच ओलांडू लागली होती. टाळेबंदी हा शब्द आपल्या घराघरांत शिरायला अजून दीड महिन्याचा अवकाश होता. त्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात शांघायच्या शास्त्रज्ञांनी या विषाणूतील एका कळीच्या प्रथिनाची त्रिमिती रचना साऱ्या जगासाठी खुली केली. विषाणू आपली प्रथिने एका लांबलचक साखळीच्या रूपात तयार करतो आणि मग एका ‘कात्री’ने तिचे तुकडे पाडतो. ती कात्री म्हणजे हे प्रथिन. कात्रीची पाती जखडून टाकणारा रेणू मिळाला की विषाणूची वाढ थांबते. म्हणूनच त्या कात्रीचा आकार अणू-अणूनिशी ठाऊक होणे ही औषधाच्या शोधातली पहिली पायरी होती.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात ‘डायमंड’ नावाचे सिंक्रोट्रॉन केंद्र आहे. तेथे याच प्रथिनाचे शेकडो स्फटिक घेऊन त्यांवर १,२५० हून अधिक लहान रेणू तपासण्यात आले आणि त्यांतून ७४ आशादायक रेणू हाती लागले. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या ‘पेट्रा-३’ या केंद्रावर ५,९५३ संयुगांची अशीच चाळणी झाली आणि २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुलै २०२० मध्ये ब्राझीलच्या काम्पिनास शहरातील ‘सिरिउस’ या नव्या कोऱ्या केंद्राने आपल्या पहिल्यावहिल्या प्रयोगांसाठी कोरोनाचीच प्रथिने घेतली.

शांघाय, ऑक्सफर्डशायर, हॅम्बुर्ग, काम्पिनास या यादीत एकही भारतीय नाव नाही. आपल्याकडे बुद्धिमान शास्त्रज्ञ नाहीत असे कोणी म्हणणार नाही. मग उणीव कशाची? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले की आपण एका अगदी साध्या दिसणाऱ्या वस्तूपाशी येऊन थांबतो. ती वस्तू म्हणजे गोठलेला एक कण उचलून क्ष-किरणांसमोर धरणारा यांत्रिक हात.

साबणाच्या कडीतला स्फटिक

विषय थोडा तांत्रिक आहे, पण समजून घेण्यास अवघड नाही. प्रथिनाचा रेणू कोणत्याही सूक्ष्मदर्शकाच्या साध्या प्रकाशात दिसत नाही, कारण प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या अणूंमधील अंतरांच्या हजारो पट मोठी असते. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र त्या अंतरांच्या जवळपास असते. एकट्या रेणूवरून विखुरलेले किरण इतके क्षीण असतात की ते टिपता येत नाहीत. म्हणून असंख्य रेणू कवायतीच्या रांगांसारखे शिस्तीत उभे करावे लागतात. ही शिस्त म्हणजेच स्फटिक. खडीसाखरेचा खडा हा साखरेच्या रेणूंचा स्फटिक. तसाच प्रथिनाचाही स्फटिक करता येतो. स्फटिकावर क्ष-किरण पडले की पडद्यावर ठिपक्यांची एक नक्षी उमटते आणि त्या नक्षीवरून गणिताने रेणूचा आकार उलगडतो.

फरक असा की खडीसाखर टणक असते आणि प्रथिनाचा स्फटिक जिलेटिनसारखा नाजूक. त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. आकार मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा, पुष्कळदा त्याहूनही लहान. तो सुकला तर मोडतो, दाबला तर चुरतो आणि प्रखर क्ष-किरणांखाली काही क्षणांत जळून निकामी होतो. यावर उपाय निघाला तो अतिशीत तापमानाचा. १९८० च्या दशकात होकोन होप यांनी या दिशेने पायाभूत काम केले. १९९० साली टेंग या शास्त्रज्ञाने स्फटिक बारीक तारेच्या कडीत उचलण्याची युक्ती मांडली. लहान मुले साबणाचे फुगे काढताना कडीत जसा पापुद्रा धरतात, तसाच द्रवाच्या पापुद्र्यात हा स्फटिक धरायचा आणि क्षणार्धात द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. द्रव नायट्रोजनचे तापमान असते उणे १९६ अंश सेल्सिअस. थंड होण्याची क्रिया इतकी झटपट घडते की पाण्याचे बर्फ होत नाही. ते काचेसारखे थिजते. पुढे मोजमाप चालू असताना उणे १७३ अंशांच्या आसपासच्या थंड वायूचा झोत त्यावर अखंड सोडावा लागतो.

आता सिंक्रोट्रॉनविषयी. भिजलेली छत्री गरकन फिरविली की कडेने पाण्याचे थेंब सुटतात. तसेच प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकांच्या साह्याने वर्तुळात वळविले की त्यांच्यातून अतितीव्र किरण बाहेर फेकले जातात. भौतिकशास्त्रज्ञांना आधी ही ऊर्जेची गळती वाटत असे. १९७१ मध्ये हॅम्बुर्ग येथे रोझेनबाउम, होम्स आणि विट्स यांनी हेच किरण स्नायूंच्या अभ्यासाला वापरून दाखविले. १९७६ मध्ये स्टॅनफर्ड येथे प्रथिनांच्या स्फटिकांवर ते वापरले गेले आणि रेणूंच्या रचनाशास्त्राचा कायापालट झाला.

माणसाचा हात मागे पडला

किरण प्रखर झाले, तरी स्फटिक जागेवर ठेवण्याचे काम माणसाच्याच हाती होते. त्या कामाचे स्वरूप कसे असे? क्ष-किरण माणसाला अपायकारक असल्याने प्रयोगाची जागा शिसे घातलेल्या भिंतींच्या कोठडीत असते. संशोधकाने आत जायचे, नायट्रोजनच्या भांड्यातून चिमट्याने टाचणी काढायची, ती चुंबकीय खुंटीवर बसवायची, आत कोणी उरले नाही याची फिरून खात्री करायची, बटणे दाबत बाहेर यायचे, जड दार लावायचे आणि मग किरण सोडायचे. एका स्फटिकामागे पाच-दहा मिनिटे सहज जात. मिळालेला वेळ वाया जाऊ नये म्हणून रात्रभर हाच क्रम चाले. पहाटे तीन वाजता झोपेने जड झालेल्या हातून सहा महिन्यांच्या कष्टाने वाढविलेला स्फटिक निसटला, तर त्याला दाद ना फिर्याद.

एका स्फटिकाच्या मोजमापाला तास-दोन तास लागत होते, तोवर ही पाच-दहा मिनिटे खुपत नव्हती. परंतु २००० च्या सुमारास मानवी जनुकसंचाचा आराखडा तयार झाला आणि हजारो जनुकांमागच्या प्रथिनांची रचना शोधण्याची महत्त्वाकांक्षा जागी झाली. त्यापाठोपाठ किरण टिपणारे पडदे वेगवान झाले. स्वित्झर्लंडच्या सिंक्रोट्रॉनवर २००७ मध्ये नव्या पद्धतीचा मोठा शोधक बसला आणि पुढील काळात तासांचे मोजमाप मिनिटावर आले. यंत्र एका मिनिटात काम उरकते आणि माणूस पुढचा नमुना लावायला दहा मिनिटे घेतो, असे उलटे चित्र उभे राहिले.

येथे यांत्रिक हात आला. स्टॅनफर्ड येथील मंडळींनी २००२ साली आपल्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या एका नळकांड्यात ९६ स्फटिक मावत आणि अशी तीन नळकांडी एका वेळी टाकीत ठेवता येत. म्हणजे २८८ स्फटिकांची बेगमी. फ्रान्समधील ग्रेनोबल, जपानमधील ‘स्प्रिंग-८’, अमेरिकेतील बर्कले या केंद्रांनी आपापली यंत्रे उभी केली. आज सोळा खळग्यांची एक लहान गोल चकती जगभर सर्रास वापरली जाते.

हा हात काम कसे करतो ते पाहिले की त्यामागच्या चिकाटीची कल्पना येते. आधी तो आपली चिमट्यासारखी बोटे द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून थंड करून घेतो, कारण कोमट बोटांचा स्पर्शही स्फटिकाला मारक ठरतो. मग ठरलेल्या खळग्यातून टाचणी उचलतो, तिच्या बुडावरील ठिपक्यांची सांकेतिक खूण वाचून नमुना तोच आहे याची खात्री करतो आणि काही सेकंदांत ती थंड झोताखाली चुंबकीय खुंटीवर बसवितो. कॅमेरा आणि संगणक मिळून स्फटिक किरणांच्या नेमक्या रेषेत आणतात. मोजमाप संपताच टाचणी आपल्या घरी परत जाते. त्यानंतर हा हात आपली बोटे गरम हवेने कोरडी करतो, कारण त्याचा खरा शत्रू आहे हवेतील दमटपणा. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात जे पांढरे हिम साचते, तेच येथे बोटांवर आणि टाकीच्या काठावर साचते. त्याचा एक कण टाचणीखाली अडकला तरी ती तिरकी बसते, पडते आणि रात्रभराचे काम ठप्प होते.

आणखी एक गोष्ट सामान्य वाटेल, पण ती या साऱ्याचा कणा आहे. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेची टाचणी वेगळ्या लांबीची आणि टोपी वेगळ्या घडणीची असे. माणसाचा हात ते चालवून घेतो. यंत्राचा हात घेत नाही. युरोपातील प्रयोगशाळांनी एकत्र बसून टाचणीची लांबी २२ मिलिमीटर ठरविली, टोपीचे माप ठरविले आणि सर्वांनी ते पाळले. माप ठरविणे सोपे असते, पाळणे अवघड. आपल्या मापाचा अभिमान बाजूला ठेवून सर्वांनी एक माप स्वीकारल्याशिवाय असे यंत्र चालत नाही. सामूहिक शिस्तीविषयी आपण पुष्कळ बोलतो. या बावीस मिलिमीटरांत ती प्रत्यक्ष दिसते.

सोय आणि सापळा

यांत्रिक हात आल्यावर एक दुसरीच क्रांती झाली. संशोधकाने कोठडीत जाण्याची गरज नाही, तर मग त्याने त्या देशात तरी कशाला जावे? २००५ पासून स्टॅनफर्डच्या केंद्रावर दूर बसून संगणकाद्वारे संपूर्ण प्रयोग करण्याची सोय झाली. ग्रेनोबल येथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅसिफ-१’ या किरणवाहिनीवर तर संशोधकाने दुरूनही बसावे लागत नाही. स्फटिक पोचले की यंत्रच ते लावते, त्यातला उत्तम भाग शोधते, किती मोजायचे ते ठरविते आणि निष्कर्ष पाठवून देते.

भारतीय संशोधकांना याचा मोठा लाभ झाला आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. ग्रेनोबलच्या युरोपीय केंद्रावर आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाने युरोपीय संस्थांच्या सहकार्याने ‘बीएम-१४’ ही किरणवाहिनी काही वर्षे चालविली. २०१७ साली फरिदाबादच्या प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्रामार्फत त्याच केंद्राशी ०.६६ टक्के वाट्याच्या सहकार्याचा करार झाला. अशा सोयींमुळे पुण्या-मुंबईच्या वा बंगळुरूच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थी आपले स्फटिक गोठवून एका खास भांड्यात ठेवतो. त्या भांड्याच्या सच्छिद्र अस्तरात नायट्रोजन शोषलेला असतो, त्यामुळे ते सांडत नाही आणि विमानाने पाठविता येते. आठवड्याभराची थंडी त्यात टिकते. पुढे ठरलेल्या रात्री तो आपल्या संगणकासमोर बसतो आणि हजारो कोसांवरचा हात त्याच्या आज्ञेने हलू लागतो.

ही किमया खरीच. परंतु प्रत्येक सोयीला एक सावली असते. पहिली अडचण वेळेची. भांड्याची थंडी मोजक्या दिवसांची असते. एखाद्या विमानतळावर कागदपत्रांच्या घोळात खोके अडकले, किंवा आत काय आहे हे न उमगल्याने कोणी झाकण उघडून ठेवले, तर वर्षभराची मेहनत वाफ होऊन जाते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. परक्या दारी मिळणारी वेळ ही यजमानाच्या सवडीने मिळते. शांततेच्या काळात हे जाणवत नाही. संकटाच्या काळात मात्र प्रत्येक राष्ट्र आधी आपली चूल पेटविते आणि त्यात गैर काहीच नाही. २०२० साली विमाने थांबली तेव्हा ज्याच्या अंगणात यंत्र होते, त्याचे स्फटिक चालत यंत्रापाशी जाऊ शकत होते.

तिसरी अडचण मनाची आहे आणि मला तीच सर्वांत गंभीर वाटते. दुरून सारे होऊ लागले की ते यंत्र आपल्याकडे असावे ही आसच हळूहळू विझते. आमच्या तरुण संशोधकांची एक पिढी अशी घडते आहे, की जिने सिंक्रोट्रॉनच्या पडद्यावर शेकडो रात्री काम केले आहे, पण ते यंत्र बिघडले तर कोणता पेच सैल झाला हे तिला सांगता येत नाही. वापरणारा आणि घडविणारा यांच्यातील अंतर असे वाढत गेले की राष्ट्र ग्राहक होऊन बसते.

वारसा मद्रासचा

आपला पूर्वेतिहास मात्र ग्राहकाचा नाही. १९५४ साली मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. आपली त्वचा, हाडे आणि स्नायुबंध यांना घट्टपणा देणारे हे प्रथिन. कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधाचा नमुना, साधे क्ष-किरण उपकरण आणि असामान्य प्रतिभा एवढ्या भांडवलावर हे काम झाले. १९६३ मध्ये रामचंद्रन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह प्रथिनांच्या साखळीला कोणत्या कोनांत वळता येते याचा आलेख दिला. आजही शांघायपासून स्टॅनफर्डपर्यंत कोठेही प्रथिनाची रचना सोडविली गेली, तर ती बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी ‘रामचंद्रन आलेख’ काढावा लागतो. यांत्रिक हाताने अर्ध्या मिनिटात लावलेल्या स्फटिकाची अखेरची परीक्षा मद्रासच्या कसोटीवर होते, ही अभिमानाची बाब आहे.

पुढची नावेही थोर आहेत. ऑक्सफर्डमध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या चमूने १९६९ मध्ये इन्सुलिनची रचना उलगडली, त्या चमूत मामन्नमना विजयन होते. ते मायदेशी परतले, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी या शास्त्राची परंपरा उभी केली आणि क्षयाच्या जंतूच्या प्रथिनांचा अभ्यास हाती घेतला. २०२२ साली त्यांचे निधन झाले. चिदंबरम येथे जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ साली रायबोसोमच्या रचनेसाठी नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांचे हे काम परदेशातील सिंक्रोट्रॉनांच्या किरणांवर झाले, हेही तितकेच खरे.

रामचंद्रन यांच्या काळी बुद्धीला साधा हात पुरत होता. आज पुरत नाही. हा फरक ओळखला नाही, तर आपण पूर्वजांच्या नावाने जयजयकार करीत राहू आणि काम मात्र दुसरेच करतील.

आपण काहीच केले नाही असे नव्हे. होळकरांच्या इंदूर नगरीत राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तेथे ‘इंडस-१’ १९९९ पासून आणि ‘इंडस-२’ २००५ पासून उभे आहे. ‘इंडस-२’ची ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि परीघ १७२.५ मीटर. त्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिन-स्फटिकांसाठी खास किरणवाहिनी उभारली आणि ती देशातील संशोधकांना खुली झाली. हे यंत्र आपल्या माणसांनी बांधले, याचे मोल पैशात होणार नाही. पण तुलना टाळता येत नाही. ग्रेनोबलच्या वर्तुळाचा परीघ ८४४ मीटर आणि ऊर्जा ६ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट; २०२० साली ते नव्या पिढीच्या रूपात पुन्हा सुरू झाले. किरण जितका बारीक आणि तेजस्वी, तितका लहान स्फटिक चालतो आणि तितक्या झपाट्याने शेकडो नमुने तपासता येतात. यांत्रिक हाताचे सामर्थ्य शेवटी त्याच्या समोरच्या किरणावर अवलंबून असते.

ब्राझीलने काय केले?

येथे ब्राझीलचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. ब्राझीलही आपल्यासारखाच विकसनशील देश. गरिबी, विषमता, राजकीय अस्थैर्य हे सारे तेथेही आहे. त्या देशाने १९९७ मध्ये काम्पिनास येथे आपले पहिले सिंक्रोट्रॉन सुरू केले. दक्षिण गोलार्धातील ते पहिले. यंत्र लहान होते, परंतु ते बांधताना चुंबक ओतणारे, निर्वात नळ्या जोडणारे, नियंत्रणप्रणाली लिहिणारे कारागीर तयार झाले. ती फळी त्यांनी विखरू दिली नाही. त्याच फळीने पुढे ५१८ मीटर परिघाचे ‘सिरिउस’ उभारले, त्याचे बरेचसे भाग देशातच घडविले आणि २०१८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. २०२० साली महामारी आली तेव्हा हे यंत्र पुरते सजलेही नव्हते. तरी आधी प्रथिन-स्फटिकांची किरणवाहिनी चालू करून त्यांनी ते कामाला जुंपले.

इंदूरची फळी काम्पिनासच्या फळीहून उणी आहे काय? मुळीच नाही. जिनिव्हाजवळील ‘सर्न’च्या महायंत्रातील अवजड चुंबक केसभरही न हलता टेकविणारे हजारो आधार भारतातून गेले आहेत आणि ते काम इंदूरच्या केंद्राच्या देखरेखीखाली झाले. आणि यांत्रिक हात तो केवढा? स्टॅनफर्ड येथील यंत्रात कारखान्यांत वापरली जाणारीच यांत्रिक भुजा घेतली होती. तशा भुजा चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या मोटार कारखान्यांत रोज जोडकाम करीत आहेत. नवे घडवायचे असतात ते बोटे, शीत टाकी आणि त्यांना चालविणारी आज्ञावली. पुण्याच्या अभियंत्यांना ते अशक्य आहे असे कोण म्हणेल?

आक्षेपांचा विचार

या मांडणीवर तीन आक्षेप हमखास येतील. पहिला असा, की गरीब देशाला हे ऐश्वर्य कशाला? याचे उत्तर आपल्या रोगांच्या यादीत आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. ज्या रोगाचे रुग्ण प्रामुख्याने गरीब आहेत, त्यावर नवे औषध शोधण्याची घाई श्रीमंत देशांतील कंपन्यांना का असावी? शिवाय १ जानेवारी २००५ पासून आपल्याकडे औषधांच्या उत्पादनावर पेटंट लागू झाले. दुसऱ्याने शोधलेले औषध वेगळ्या वाटेने स्वस्तात बनविण्याच्या कौशल्यावर आपला औषधउद्योग मोठा झाला. त्या कौशल्याला मर्यादा पडली. यापुढे नवा रेणू शोधायचा, तर प्रथिनाचा आकार आणि त्यावर शेकडो रेणूंची चाळणी यांना पर्याय नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. आता संगणकच प्रथिनाचा आकार सांगतो, २०२४ चे रसायनशास्त्राचे अर्धे नोबेल त्यासाठीच दिले गेले. मग स्फटिकांची उठाठेव कशाला? परंतु त्या संगणकाला कोणी शिकविले? १९७१ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांनी प्रथिन-रचनांची जी सामाईक पेढी उभी केली, तिच्यातील लाखो रचनांवरून तो शिकला, आणि त्यांतील बहुसंख्य रचना क्ष-किरणांनीच मिळाल्या आहेत. संगणक अंदाज बांधतो. औषधाचा रेणू प्रत्यक्ष कोठे आणि कसा बसला, हे सांगायला प्रयोगच लागतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या नव्या तंत्राने मोठ्या रेणूंचे काम सुकर केले आहे. पण एकाच प्रथिनावर हजार रेणू झटपट तपासायचे, तर स्फटिक आणि यांत्रिक हात यांची जोडी अजूनही बिनतोड आहे.

तिसरा आक्षेप बेकारीचा. यंत्र आले की माणूस घरी बसतो, हे भय आपल्याकडे निराधार नाही. येथे मात्र यंत्राने कोणाची भाकरी हिरावलेली नाही. रात्रीचा शीण हिरावला आहे. उलट टाकीतील हिम काढणारे, बोटांची जुळणी करणारे, आज्ञावली सुधारणारे कुशल तंत्रज्ञ त्याला अहोरात्र लागतात. एक हानी मात्र खरी आहे. स्वतःच्या हाताने स्फटिक लावताना विद्यार्थ्याला जे कळत असे, ते बटण दाबून कळत नाही. म्हणून चांगले गुरू अजूनही विद्यार्थ्याला आधी चिमटा धरायला शिकवितात आणि मग संगणकापुढे बसवितात. हा क्रम सुटू नये.

कर्तव्य कोणते?

६ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा तेजस्वी किरणस्रोत भारतात उभारावा, हा विचार आपल्या शास्त्रज्ञांनी मांडलेला आहे. शासनाने त्याकडे खर्चाची बाब म्हणून न पाहता धरणे आणि महामार्गांप्रमाणे पायाभूत बांधणी म्हणून पाहावे. त्या आराखड्यात यांत्रिक हाताची जागा पहिल्या दिवसापासून हवी. यंत्र उभे राहिल्यावर कोपऱ्यात बसविलेली जोड म्हणून नव्हे. ते उभे राहीपर्यंत परदेशांशी असलेले सहकार्य जपावे, कारण शिकण्यात कमीपणा नसतो. मात्र तेथे केवळ स्फटिक पाठवून भागणार नाही. यंत्राजवळ वर्ष-दोन वर्षे राहून येतील असे तरुण अभियंते आणि तंत्रज्ञही पाठवावेत. गोठविलेल्या नमुन्यांची खोकी विमानतळावरून तातडीने सुटतील अशी व्यवस्था करणे, हे तर एका परिपत्रकाचे काम आहे.

यापुढची गोष्ट शासनाची नाही, समाजाची आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलगा शास्त्रज्ञ झाला तर पेढे वाटले जातात; प्रयोगशाळेतील यंत्र दुरुस्त करणारा झाला तर पाहुण्यांना सांगताना आवाज खाली येतो. सरकारी संस्थांतही तंत्रज्ञाची बढती, वेतन आणि मान ही दुय्यम राहिली आहेत. ज्या समाजाने शिल्पी आणि लोहार यांच्या हातांतून मंदिरे आणि तोफा घडविल्या, त्याच समाजाने पुढे डोके मोठे आणि हात लहान अशी प्रतवारी का लावून घ्यावी? वाचकांपैकी अनेकजण शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहे चालवितात. त्यांच्या विज्ञान-प्रदर्शनांत सिद्धान्ताच्या तक्त्याशेजारी स्वतः घडविलेल्या उपकरणालाही पारितोषिक असावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलांची एखादी सहल इंदूरच्या केंद्राला जावी. मोठे यंत्र कोणी तरी बांधलेले असते, आणि तो कोणी तरी आपणही असू शकतो, हे कोवळ्या वयात दिसले पाहिजे.

प्रतिभेचा आलेख आपण १९६३ सालीच काढून दाखविला आहे. त्या आलेखावर जगाच्या रचना तपासल्या जातात, पण त्या रचना मिळविणारे हात आजही बव्हंशी दुसऱ्यांचे आहेत. पुढची महामारी तारीख कळवून येणार नाही. ती येईल त्या दिवशी आपला स्फटिक परक्या विमानाची वाट पाहत थिजून राहणार, की आपल्याच किरणासमोर आपलाच हात त्याला उचलून धरणार, याचा निर्णय आज, निवांतपणाच्या दिवसांत, घ्यावा लागेल.